लाल काच

मोहिनीचं लग्न झालं ते साल २००२. लग्नाच्या अल्बममध्ये दोनशे चाळीस रंगीत फोटो होते आणि त्यांत भिमाबाईचं एक कोपर तेवढं आलं होतं. पेठकडच्या पाड्यावरून आलेली ही काकू नवऱ्याला घेऊन स्टेजवर चढली, तेव्हा फोटोवाल्याने "जरा बाजूला व्हा" म्हटलं. मुलीचा बाप सावळीराम शेजारीच उभा होता. व्याही बघत होते, म्हणून तो काही बोलला नाही.

ते त्याला सलत राहिलं. निवृत्तीनंतर त्याने माळ्यावरचा जुना कॅमेरा काढला होता, नाशिकला इंदिरानगरच्या घरातल्या न्हाणीला काळा कागद लावून वीस वर्षांनी पुन्हा घरीच काळे-पांढरे फोटो धुवायला लागला होता. थोरल्या भावाचा आणि वहिनीचा जोडीने फोटो काढायचा, तोही स्वतःच्या हाताने, असं त्याने ठरवलं. भाद्रपदात एका रविवारी पाड्यावर जाऊन काढलाही.

त्याच आठवड्यात भावाला, मंगळूला, छातीच्या फोटोसाठी नाशिकला आणलं. डॉक्टरने फिल्म उजेडात धरली, खाली ठेवली आणि घरी न्या म्हटलं. आता मंगळू बाहेर खुर्चीवर खोकत बसला होता. भिमाबाई न्हाणीत, लाल दिव्याखाली, सावळीरामच्या खांद्याशी उभी होती.

"अहो, धुणं भिजत पडलंय," बाहेरून सावळीरामची बायको म्हणाली. "तुमचं धुऊन झालं की सांगा."

"दार उघडू नको!" सावळीराम ओरडला. मग हळू आवाजात, "वहिनी, आता बघ हं."

त्याने कोरा कागद ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात सोडला आणि ट्रे हलवायला लागला. भिमाबाई वाकली. जत्रेतल्या जादूगाराकडे बघावं तशी ती बघत होती.

पहिल्यांदा आभाळ आलं. काळंभोर, आणि त्यात पांढरे ढग. मग डोंगराची कड आली. तिच्या हातातल्या बांगड्या आल्या.

"लय काळं आभाळ. पाऊस नव्हता तवा."

"तीच तर गंमत आहे. ढग कसे उठलेत बघ! तासभर थांबलो होतो त्यांच्यासाठी."

"तासभर तर आम्हीच उभं होतो उन्हात. ह्यांचे पाय लटलट कापत होते."

मग चेहरे आले. मंगळूची टोपी, मंगळूच्या मिशा. शेजारी भिमाबाई, नवं लुगडं, पदर डोक्यावर. ती हसली. आणि थांबली. नाक पाण्याला टेकेल इतकी खाली गेली.

"भाऊ, माझं कुंकू कुठंय?"

सावळीरामने ट्रे हलवायचा थांबवला. कपाळ कोरं होतं. टिकलीएवढीसुद्धा खूण नव्हती. त्याला वाटलं, अजून यायचं असेल. तो थांबला. कपाळ काही भरलं नाही.

तेव्हा त्याला आठवलं. त्या दिवशी भिंगावर त्याने लाल काच चढवली होती. लाल काचेने निळं आभाळ काळं होतं, ढग उठतात. आणि जे लाल असेल ते पांढरं पडतं. विशीत शिकलेली गोष्ट; ढग दिसले आणि डोक्यातून गेली.

"काच लावली होती," तो म्हणाला. "ढगांसाठी."

"ढगांसाठी?"

"शाईने बारीक ठिपका देतो. कळणार पण नाही कुणाला."

"काळा?"

त्याने मान वर केली. लाल उजेडात समोरच्या भिमाबाईचं कपाळही कोरंच दिसत होतं. सकाळी अंघोळ करून रुपयाएवढं कुंकू लावून आलेली बाई.

"शाई नको लावू माझ्या कपाळाला," ती म्हणाली. "आसं कर, दाखवूच नको त्यांना."

पण मंगळूने हाक मारली होती आणि दार उघडावं लागलं. ओला फोटो त्याने दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघितला. मग हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

"भाऊ हुशार माझा," तो म्हणाला. "मी गेल्यावं ही कशी दिसंल, ते आधीच दाखवलं."

"तोंड आवरा!" भिमाबाई म्हणाली. उजेडात तिचं कुंकू लालभडक दिसत होतं.

"दुसरा काढू," सावळीराम घाईने म्हणाला. "रंगीत रोल आणतो. पुढच्या रविवारी येतोच."

"ये," भिमाबाई म्हणाली. "पन ह्यांना उभं नको करू. बसून काढ."

पुढच्या रविवारी फोटोच्या हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. सावळीरामने तोच फोटो मोठा करून लावला. ढगांचं फार कौतुक झालं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी काहीतरी निघालं.

भिमाबाई ११ फेब्रुवारी २००३ ला तापाने गेली. मंगळूच्या आधी, मळवट भरून. पाड्यावर तिचा दुसरा फोटो नव्हता. प्रदर्शनातलाच काच लावून भिंतीवर टांगला. दहाव्याला मंगळू भिंत धरत उठला आणि काचेवर, तिच्या कपाळाच्या जागी, त्याने बोटाने कुंकू लावलं. ते वाळून गळायचं. तो रोज सकाळी नवं लावायचा. सावळीराम कधी पाड्यावर गेला की जमिनीकडे बघत बसायचा.

मंगळू ९ एप्रिल २००६ ला गेला.