शिरगणतीतली मुलगी

"मुलगी?" गोदूबाईंनी विचारलं.

नम्रताने मान हलवली. हे आपण मोठ्याने वाचायला नको होतं, असं तिला तेव्हाच वाटलं. पण शब्द तोंडातून निघून गेला होता, आणि आजीची नजर लॅपटॉपवरून हलत नव्हती.

घराण्याची वंशावळ तयार करायचं नम्रताने मनावर घेतलं होतं. गोदूबाईंचे वडील काशीराम हे तिचे पणजोबा; त्यांच्या नावापुढे नम्रताच्या वडिलांनी लिहून ठेवलं होतं, 'बोटीवर खलाशी. बुडून मृत्यू, १९३६.' ती बोट कुठली, हे शोधता शोधता नम्रता अमेरिकेच्या जुन्या शिरगणतीपर्यंत पोचली. बहात्तर वर्षं उलटली की तिकडे घरोघरचे कागद सगळ्यांसाठी खुले करतात. १९५० सालच्या यादीत न्यूयॉर्कमधलं एक घर होतं. काशीराम व्ही. नाटेकर, वय बेचाळीस, जन्म हिंदुस्थान, खानावळीत आचारी. बायको रोझा. मुलगी कोरा, वय अकरा.

बुडालेला माणूस चौदा वर्षांनंतर न्यूयॉर्कमध्ये लोकांना जेवण रांधून घालत होता.

आजी रडेल, असं नम्रताला वाटलं होतं. गोदूबाई रडल्या नाहीत. बापाचं काही विचारलंसुद्धा नाही. "अकरा," त्या म्हणाल्या. "म्हणजे अकरा वर्षं तिला बापूस मिळाला. मला दीड. त्यातलं काय एक आठवत नाय."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी अकरा वर्षांच्या पोरीवर जळत बसल्या, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही. तिची वेणी कोण घालत असेल? ती रुसली की कोण समजावत असेल? बाप आचारी, म्हणजे खापरीवरचं पहिलं गरम घावन हिच्याच ताटात. मिरकरवाड्यात लहानाची मोठी होताना त्यांनी बंदरावर उभं राहून दुसऱ्यांचे बाप परत येताना पाहिले होते. शेजारच्या पोरीला बापाने मुंबईहून रेशमी रिबीन आणली, तेव्हा ती ओढून घेऊन गोदूने पाण्यात फेकली होती. त्यासाठी मारही खाल्ला होता. पण तेव्हा मनाला एक आधार होता. आपला बापूस मेला आहे, त्याला यायचं असतं तरी येता आलं नसतं. आता तो आधारही गेला. तो जिवंत होता. फक्त दुसरीकडे होता, दुसरीजवळ.

आणि आई? येसूबाईने विसाव्या वर्षी कुंकू पुसलं. दोघा भावांची होडी एकट्या भिकाजीकाकाची झाली, आणि त्या काकाच्या घरात ती मरेपर्यंत मासळी निवडत आणि जाळी विणत राबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा प्यायच्या आधीच गोदूबाईंनी नातीला हाक मारली. "नम्रता, त्या पोरीला वंशावळीत घालायची नाय."

"आजी, ती तुझी बहीण आहे."

"माझी कोण नाय ती. घातलीस तर माझं नाव काढ त्यातनं."

हा काशीराम दुसराच कोणी असावा, असं नम्रताला मनापासून वाटू लागलं. खात्री करायला तिने मूळ पान उघडलं. काल वाचलं ते नंतर कोणीतरी टाइप केलेलं होतं. मूळ पान शिरगणतीच्या माणसाने दारात उभं राहून शाईने लिहिलेलं. अक्षर घाईचं, तिरकं. काशीरामचं नाव आणि वय तेच होतं. तिने मुलीची ओळ मोठी केली, आणखी मोठी केली. पहिलं अक्षर 'सी' नव्हतं. त्याला खाली आत वळलेला फाटा होता, म्हणजे 'जी'. तिसरंही टाइप करणाऱ्याने चुकवलं होतं, 'डी'चा 'आर' केला होता.

"आजी," ती म्हणाली, "हिचं नाव कोरा नाही. गोदा आहे."

गोदूबाईंनी कप खाली ठेवला.

"बघ, तुला विसरले नव्हते ते!" नम्रता म्हणाली. "तुझी आठवण म्हणून नाव ठेवलं तिला."

गोदूबाई हळूच म्हणाल्या, "जित्या पोरीचं नाव दुसऱ्या पोरीला कोण ठेवतं गो?"

"म्हणजे?" नम्रताने विचारलं.

"आयशीला लिहिता-वाचता येत नव्हतं," गोदूबाई म्हणाल्या. "बापसाला पत्र लिहायचा तो भिकाजीकाका. आलेलं वाचून दाखवायचा तोही काकाच. बापूस बुडाला, हे त्यानेच वाचून दाखवलंन." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "तिकडं आमचं काय लिहून धाडलंन असेल?"

गोदूबाई पुढे वाकल्या आणि पडद्यावरच्या त्या तिरक्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"आता किती वर्षांची असेल ही?"

"शहाऐंशी."

"असेल जिती?"

"असू शकेल. शोधते मी."

"शोध," गोदूबाई म्हणाल्या. "सापडली की सांग तिला, जिच्यासाठी बापूस रडला असेल, ती गोदा अजून जिती आहे."