कमरेवरच्या मुठी

१९०५च्या हंगामात फुटबॉलनं अमेरिकेत बरीच पोरं खाल्ली, त्यांत आग्नेसचा मुलगा ओरिनही गेला. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू छातीशी धरून घुसणाऱ्याला सोबत्यांनी पुढे ओढायचं, म्हणून विजारीच्या कमरेला चामडी मुठी शिवत. ओरिनच्या मुठी तिनंच शिवल्या होत्या, खोगिराच्या मेणदोऱ्यानं. विरोधकांनी पाय धरले, सोबत्यांनी मुठी ओढल्या. मुठी टिकल्या, कणा मोडला. आठवड्यानं संघाचा कप्तान थॅड विजारींचं गाठोडं घेऊन दारात उभा. “काकू, शनिवारी ओरिनसाठी खेळतोय. आमच्या मुठी पहिल्याच हिसक्याला तुटतात. तुम्हीच शिवून द्या.” “भीती नाही वाटत रे?” “भित्र्यांनी बुद्धिबळ खेळावं, काकू!” बोलून गेल्यावर तो ओशाळला. नकार दिला तर पोरं खोगीरवाल्याकडे जाणार हे उघड होतं. तिनं गाठोडं घेतलं. सगळ्या मुठी धावदोऱ्यानं शिवल्या आणि कच्चा टाका दिसू नये म्हणून वरून बुटाचं पॉलिश फासलं.