कानफुली

"आज किती?" व्यवस्थापक बाईंनी दारातूनच विचारलं.

"सहा," फूलमास्तर म्हणाले.

"खुर्च्या नाही विचारल्या मी."

"मग पाच. सहावे झोपलेत."

बाईंनी कागदावर पाचाचा आकडा टाकला, पहिल्या रांगेपर्यंत उमटलेल्या मातकट पावलांकडे बघून कपाळाला आठी घातली आणि निघून गेल्या.

वनस्पती उद्यानातलं बुधवारचं दुपारचं व्याख्यान हे असं चालायचं. वेळ मुद्दाम जेवणाची ठेवलेली. आसपासच्या ऑफिसांतली माणसं डबे घेऊन येतील, जेवता जेवता इथल्या मातीतल्या झाडांबद्दल चार गोष्टी कानावर घेतील, अशी कल्पना. माणसं आली, पण पंख्याखाली बसायला. खिडक्यांना पडदे नव्हते. त्यामुळे भिंतीवर टाकलेलं चित्र भर उन्हात एखाद्या फिकट डागासारखं दिसायचं. पडद्यांचा अर्ज तीन वर्षं कुठल्या खणात झोपला होता, देव जाणे.

'फूलमास्तर' हे नाव श्रोत्यांनीच पाडलेलं. दर बुधवारी ते एकदा तरी सांगायचे, "पानांच्या नादी लागू नका. पानं सगळी एका वळणाची. फूल बघा. फूल म्हणजे झाडाची सही." पान कितीही देखणं असो, मास्तर त्याला भीक घालत नसत.

त्यातही त्यांचा जीव अडकला होता तो कानफुलीत. उद्यानामागच्या टेकाडावर तेवढी उगवणारी, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली एक चिमुकली वनस्पती. चाळीस वर्षांत ती कुणी पाहिली नव्हती. कपाटात तिचा एक वाळवलेला नमुना होता. त्याची पानं किड्यांनी फस्त केलेली, फूल तेवढं शिल्लक. निळं, पाच पाकळ्यांचं, त्यातली एक कानासारखी दुमडलेली. त्या फुलाच्या मागे मास्तरांनी अकरा वर्षं ऐन बहराच्या दिवसांत टेकाडावर गुडघे घासले होते. हाती आलं होतं ते फक्त गुडघ्यांचं दुखणं.

आता तर टेकाडच जाणार होतं. उद्यानाच्या समितीला गाड्या लावायला जागा हवी होती. मास्तरांनी भांडून, हातापाया पडून एकच सवलत पदरात पाडून घेतली होती: कानफुलीचं एक रोप, जमिनीत मूळ धरून उभं असलेलं, दाखवलं तर खोदाईचं यंत्र परत जाईल. मुदत आज दुपारी तीनची.

गेल्या बुधवारी त्यांनी हे सगळं श्रोत्यांपुढे मांडलं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. एक निवृत्त टपालवाले उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की गाड्यांना सावली असेल का. मास्तरांचा तोल गेला.

"असेल, असेल. जा, तुम्ही सगळेच जा टेकाडावर. काय हवं ते उपटून न्या. पुढच्या बुधवारनंतर तिथे डांबरच असणार आहे."

कुणी हललं नाही. पुढच्या खुर्चीतल्या काकूंनी मात्र हातातलं काज अर्धवट ठेवून गंभीरपणे मान डोलावली होती.

या काकू शिवणकाम करायच्या. व्याख्यान एकदाही चुकवलं नव्हतं, पण खाली मान घालून काजं करता करताच ऐकायच्या. येताना चपलांना माती घेऊन यायच्या, त्यावरून व्यवस्थापक बाई मास्तरांना बोलायच्या. बोलण्यापायी मास्तर उपाशी राहतात हे बघून दोन वर्षांपूर्वी त्यांनी मास्तरांसाठीही डबा आणायला सुरुवात केली. या दिवसांत त्यात कसलीशी पालेभाजी असायची. मास्तरांनी एकदा विचारलंही होतं, कसली म्हणून. "हिरवी," काकू म्हणाल्या होत्या. मास्तरांना तेवढं पुरलं. पानांच्या नादी ते डब्यातही लागत नसत.

आज व्याख्यान लवकर आटपलं. श्रोते गेले, झोपलेले गृहस्थही उठून गेले. पावणेतीन झाले होते. बाहेर टेकाडाच्या पायथ्याशी यंत्र घरघरत उभं होतं. मास्तरांनी काकूंनी दिलेला डबा उघडला. नेहमीच्या दुप्पट भाजी होती. समितीचा, टपालवाल्यांचा आणि स्वतःचा सगळा राग त्यांनी त्या भाजीवर काढला. डबा बोटाने पुसून घेतला.

"अकरा वर्षं, काकू," ते म्हणाले. "एक काडी नाही दाखवता आली मला."

"जिवाला लावून घेऊ नका, मास्तर." काकूंनी पिशवीतून रुमाल काढला. "तुम्हाला फुलांचा नाद आहे, म्हणून एक जपून आणलंय."

रुमालात एक फूल होतं. निळं. पाच पाकळ्यांचं. एक पाकळी कानासारखी दुमडलेली.

मास्तर डबा बाजूला सारून रुमालावर वाकले. "हे कुठलं?"

"मागच्या टेकाडावरचं. कितीतरी वर्षं येता जाता भाजी खुडते ना मी तिथली. कळी धरायच्या आतच खुडावी लागते, फूल आलं की कडूजहर होते म्हणतात. मीसुद्धा तिचं फूल पहिल्यांदाच बघितलं. काल अगदी शेवटी ही एक फुललेली सापडली."

मास्तरांनी काकूंचे दोन्ही हात धरले. "अजून आहे ना, काकू? थोडी तरी? एखादीच?"

काकूंचा चेहरा खुलला. दोन वर्षांत मास्तरांनी पहिल्यांदाच आणखी मागितली होती.

"नाही हो. तुम्हीच म्हणालात ना उपटून न्या, म्हणून काल दिवसभर बसून मुळासकट काढली. डांबराखाली मुळं ठेवून काय करायची? होती नव्हती ती सगळी तुमच्याच डब्यात घातली."