काचपट्टी

जुन्या तपासण्यांच्या काचपट्ट्या टाकून द्यायच्या होत्या, म्हणून प्रयोगशाळेनं रुग्णांच्या घरी फोन केले, हव्या असतील तर घेऊन जा म्हणून. बाकी कुणी फिरकलं नाही. ही म्हातारी एकटीच आली, ठेवणीतले कपडे घालून. “काकू, ही तुमच्या यजमानांच्या जठराची,” तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. काचेवर नखाएवढा गुलाबी डाग होता. “एवढेच उरले होय!” म्हातारी हसली आणि खुर्ची धरून बसली. “दाखवतेस मोठं करून?” मुलीनं काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. म्हातारीला जांभळ्या ठिपक्यांचा नुसता गोंधळ दिसला. “यातलं दुखणं कुठलं आणि ते कुठले?” मुलगी म्हणाली, “ही दाटीवाटी आजाराची.” तिनं काच सरकवली. “आणि या ओळीत उभ्या चांगल्या पेशी त्यांच्या.” म्हातारी भिंगावरचा डोळा काढेना. शेवटचे महिने तिनं दुखणंच तेवढं पाहिलं होतं. “बरे दिसताहेत की,” ती हळूच म्हणाली. “नेऊ ना आता घरी?”