चौथा हात

विल्डाबाईंनी पाण्याचा कॅन हार्लनच्या काउंटरवर ठेवला.

"हा तुझ्या आईसाठी. आणि संध्याकाळच्या सुनावणीत तुझा हात वर दिसला पाहिजे."

हार्लनचं गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. सेज हॉलोच्या लोकांनी पाणी मंडळावर निवडून दिलेल्या पाच जणांत तो एक होता.

"बाई, तुम्ही मला अजून पहिलीतलाच समजता."

"पहिलीतही हात वर करायला घाबरायचास. उत्तर येत असून."

"आणि येत नसलं की पोट दुखायचं," पोत्यांवर बसलेला गस म्हणाला. तोही बाईंचाच विद्यार्थी. गावात बाईंच्या हाताखालून न गेलेला माणूस शोधावा लागला असता.

"गस, तुझं तर दर सोमवारी दुखायचं," बाई म्हणाल्या.

मंडळाच्या दोन्ही विहिरी उन्हाळ्यात आटल्या होत्या. नळ उघडला की नुसती हवा सुटायची. शाळा टँकरवर चालली होती, आणि शिक्षण खात्याने बजावलं होतं की पानगळीच्या आत नळाला पाणी आलं नाही तर शाळा बंद. मुलांना डोंगरापलीकडच्या गावी जावं लागेल. शाळा गेली की घरं जातात, हे सगळ्यांना कळत होतं. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा अजून त्यांचीच होती. रोज त्या गाडीत भरलेले कॅन घालून गावभर फिरायच्या. एक कॅन शाळेत, एक दवाखान्यात, उरलेले म्हाताऱ्या माणसांकडे.

सगळ्या खोऱ्यात जिवंत पाणी आता एकाच ठिकाणी होतं. ओरिन हॅस्केटच्या रानातला झरा. आणि ओरिन विकायला तयार नव्हता.

"ओरिन काय म्हणतो?" हार्लनने विचारलं.

"तेच. मेलो तरी सही करणार नाही. रोज सकाळी विचारते मी, रोज तेच."

"मोजणीवाला गेला तर कुत्रं अंगावर आलं म्हणे."

"मला काही करत नाही ते."

हार्लनने कॅन उचलून खाली ठेवला. "बाई, एखाद्याची जमीन अशी ओढून घ्यायची म्हणजे... आपण कोण?"

"आपण मंडळ. तू शपथ घेतलीस तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते. मंडळ पाणीपट्टी लावतं, उधळपट्टी करणाऱ्याचा नळ तोडतं, आणि दुसरा इलाजच उरला नाही तर गावासाठी जमीनही घेतं. वाजवी मोबदला देऊन. हा अधिकार कशाला दिलाय? भिंतीवर टांगायला?"

"म्हणून तर पाचांतले चार हात लागतात. तो अधिकार सहज वापरता येऊ नये म्हणून."

"बरोबर." बाईंचा चेहरा जरासा उजळला. "हे मात्र नीट शिकलास."

तिघांचे हात नक्की होते. चौथी सभासद, प्रुडन्स, कुणाच्याही जमिनीला हात लावायच्या विरोधात होती आणि तसं उघड सांगायची. सगळं हार्लनवर येऊन अडलं होतं.

त्याने आवाज खाली आणला. "बाई, पंपघर नेमकं ओकच्या झाडापाशी येणार. तिथे वेसचा झोका आहे."

वेस म्हणजे ओरिनचा एकुलता एक मुलगा. शाळेत हार्लनच्या बाकावर बसायचा. खोऱ्यात मोठा पूर आला त्या साली तो गेला. टायरचा झोका अजून फांदीला होता. ओरिन दरवर्षी त्याचा दोर बदलायचा.

"मला कधीकधी वाटतं, वेस समोर उभा राहून विचारेल," हार्लन म्हणाला. "त्या घराकडे बघून माझा हात नाही वर होत."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

"मत आता सांगू नकोस. आधी ऐकायचं, मग ठरवायचं, असा कायदा आहे. संध्याकाळी ये, आणि नीट ऐक."

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. खुर्च्या मुलांच्या, त्यामुळे मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. समोर टेबलामागे पाच जण. हार्लन अगदी टोकाला, हात मांडीखाली दाबून.

अध्यक्ष मेंडोसांनी घसा साफ केला. "ठरावावर मत घेण्याआधी ज्यांची जमीन आहे त्यांचं ऐकायचं. नोटीस त्यांच्या दाराला लावली होती. वाचली गेली का, माहीत नाही."

"वाचली," विल्डाबाई मागून म्हणाल्या. "ओरिनला आता बारीक अक्षर दिसत नाही. मी मोठ्याने वाचून दाखवली."

"मग तो आलाय का?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"जमिनीच्या मालकांपैकी कुणाला बोलायचंय?"

प्रुडन्सने हाताची घडी घातली. हार्लन टेबलाकडे बघत होता. तेवढ्यात मागची छोटी खुर्ची सरकली. विल्डाबाई मधल्या वाटेने चालत माइकपाशी आल्या. बूट ओलसर होते, बाहीला ओल्या शेवाळाचा डाग होता. उद्याचे कॅन भरताना लागलेला.

चिटणीस मुलगी संकोचली. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. "बाई, सगळे ओळखतात तुम्हाला, पण नियम आहे. बोलण्याआधी पूर्ण नाव आणि पत्ता सांगावा लागतो."

"नियम आहे तर सांगायलाच हवं," बाई म्हणाल्या. त्यांनी माइक आपल्या उंचीला आणला आणि हार्लन वर बघेपर्यंत थांबल्या.

"विल्डा हॅस्केट. झऱ्याशेजारचं घर. जमीन दोघांच्या नावावर आहे, माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या, ओरिनच्या. त्याच्याने सही होत नाही, म्हणून तुम्ही घ्या. आणि हार्लन, झोका मी आज सकाळी स्वतः सोडवून आणलाय, वेसची आई म्हणून."