पेटीचा ताप

सासूबाईंनी न्हाणीघराची कडी आतून लावली आणि शेजारच्या खोलीत जावई बागास संगणकाजवळ सरकून बसला. भिंतीपलीकडच्या सिमेंटच्या हौदात त्याने कालच गुपचूप सोडलेला पंप होता.

पंप मुठीएवढा, मासे पाळायच्या काचपेटीतला. हौदातलं पाणी उचलायचं, झरोक्यातून काढलेल्या नळीने बागासच्या खोलीत आणायचं, संगणकाच्या तापलेल्या मेंदूवर बसवलेल्या तांब्याच्या पत्र्याच्या डबीतून फिरवायचं आणि पुन्हा हौदात सोडायचं, एवढंच त्याचं काम. डबी बागासने स्वतः डाख देऊन जोडली होती, त्यात दोन बोटंही भाजून घेतली होती. साध्या पंख्याने इथे भागत नाही. दियेंगच्या उंच, थंडगार पठारावर सगळं गाव बटाटे पिकवतं आणि बटाट्यांना कोंबडीखत घालतं. त्या खताची धूळ खाऊन त्याचे सगळे पंखे गचकले होते.

"गाव सगळं थंडीने कुडकुडतंय, आणि तुझ्या पेटीला तेवढा ताप!" संगणकाला पेटी म्हणणाऱ्या सासूबाईंनी परवाच सुनावलं होतं. "आणखी एकदा बंद पडली ना, तर रमजान झाल्या झाल्या कुदळ घ्यायची आणि माझ्याबरोबर शेतात यायचं. घरजावई म्हणून गप्प बसते मी. दिसत नाही म्हणून नाही."

आणि आजच पेटी बंद पडून चालणार नव्हतं. शहरातल्या एका बिस्किटवाल्याने त्याला पहिलंवहिलं खरं काम दिलं होतं, नाचणाऱ्या हत्तीची जाहिरात. काल सकाळपासून संगणक एकेक चित्र रंगवत बसला होता. आता फक्त शेपटी राहिली होती. मध्येच बंद पडला असता, तर हत्ती पुन्हा सोंडेपासून सुरू.

रमजानच्या आदल्या दिवशीची शुद्धीची अंघोळ सासूबाई दरवर्षी झऱ्यावर जाऊन करत. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरीच. एरवी त्यांची अंघोळ म्हणजे तीन मगे पाणी आणि मग्यागणिक एक किंकाळी. बागास किंकाळ्या मोजायला कान टवकारून बसला.

पहिला मगा झाला. किंकाळी नाही. दुसरा, तिसरा, पाचवा. मग सासूबाई चक्क गुणगुणू लागल्या.

हौद उतरत चालला. नळीतून बुडबुडे यायला लागले आणि पडद्यावरचा तापाचा आकडा चढू लागला. बागासला राहवेना.

"इबू!" भिंतीकडे तोंड करून त्याने सासूबाईंना ओरडून हाक मारली. "जरा नळ सोडता का?"

"कशाला? नळाला नुसतं बर्फ येतंय."

"हौद रिकामा होतोय!"

"होऊ दे. माझा हौद आहे."

बटाटे सोलता सोलता त्याची बायको रेत्नो दारात आली. "अहो मास, माझी आई अंघोळ करतेय आणि तुम्ही भिंतीतून तिच्याशी गप्पा मारताय? शेजारीपाजारी ऐकतायत सगळे!"

"ऐकू देत!" नवऱ्याचा जीव टांगणीला लागला होता. "इबू, पाया पडतो तुमच्या. अगदी थोडा सोडा!"

पलीकडचं गुणगुणणं थांबलं.

"बागास."

"जी, इबू."

"हे पाणी कोमट कसं रे?"

आता खोटं बोलून काही उपयोग नव्हता. "पेटीचा ताप... तुमच्या पाण्यात उतरतोय, इबू."

बागासने डोळे मिटले. त्याला पुढचा सगळा बटाट्यांचा हंगाम दिसला.

मग नळाची चावी करकरली. बारीक धार पडू लागली. "एवढाच सोडणार," सासूबाई म्हणाल्या. "पाणी गार झालं तर लगेच बंद करीन."

आकडा थबकला. हत्तीने शेपटी उडवली, बिस्किट झेललं आणि चित्रं पुरी झाली. बागासच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. त्याने जाहिरात पाठवली, संगणक बंद केला, पंपाची पिन काढली आणि आळस दिला. कधी एकदा अंगणात उन्हाला बसतो आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या तेंपेची गरमगरम भजी खातो, असं त्याला झालं होतं.

दारातच सासूबाई उभ्या. केसांना पंचा गुंडाळलेला, चेहरा लालबुंद, आणि वय दहा वर्षांनी उतरलेलं. त्यांच्यामागे त्यांची थोरली बहीण साबण आणि कोरडं सारोंग घेऊन. तिच्यामागे दोन शेजारणी, खांद्यावर पंचे टाकून. भिंतीतून झालेलं बोलणं गल्लीभर पोचलं होतं.

"कुठे निघालास?" सासूबाईंनी विचारलं.

"काम संपलं, इबू!" बागास छाती काढून म्हणाला. "पैसे येतील आता. पेटी बंद केली. म्हटलं, उद्यापासून थोडं शेतातही येत जावं."

सासूबाईंनी बहिणीकडे पाहिलं, शेजारणींकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"काम संपलं म्हणून माणूस असा उठून जातो का?" त्या म्हणाल्या. "बैस खाली. शेताचं आम्ही बघतो."

या घरात आल्यापासून बागासने 'ऊठ' एवढंच ऐकलं होतं. आनंद मानावा की राग, हे त्याला कळेना. तो मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने पेटी पुन्हा सुरू केली.

बाहेर सासूबाई बायकांच्या अंघोळीचे क्रम लावत होत्या. मध्येच त्यांनी लेकीला हाक मारली.

"रेत्नो, जेवायला त्याला खोलीतच दे गं. उठवू नकोस त्याला."