तू बी चल

राजूरच्या बाजारात भीमा धाकट्या भावाला, अमृतला म्हणाला, “मी येशूच्या मागं जायचं ठरवलंय. तू बी चल.”

अमृतनं नुकताच विकत घेतलेला कुऱ्हाडीचा दांडा तिथंच त्याच्यावर चालवला. भीमा खाली पडला, तोंडातून रक्त आलं, तरी अमृतचा हात थांबेना. दांडा तुटला तेव्हा थांबला. भीमाचा खांदा मोडला. त्यानं तक्रार केली नाही.

आठवडाभरात त्यांचा बाप गेला. तिरडी उचलायला भीमा पुढं झाला, पण खांद्यापासून कमरेपर्यंत प्लास्टर, त्याला वाकताच येईना.

जमलेल्या भावकीकडं वळून अमृत म्हणाला,

“बघा. येशूच्या मागं गेला, आन् आता सख्ख्या बापाला बी खांदा देईना.”